गव्हाचे वावडे आणि वेदीवरील भाकर

आपल्या मराठीत ‘वावडे’ असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. कोणाला वांगे बाधते, कोणाच्या अंगावर कोळंबी खाल्ल्याबरोबर गांधी उठतात, कोणाला शेंगदाण्याचा एक दाणादेखील सोसत नाही. अशा माणसाला त्या पदार्थाचे वावडे आहे, असे आपण म्हणतो. पाहुणचाराच्या बाबतीत आम्हा कोल्हापूरकरांचा हात सढळ. परंतु ‘मला हे चालत नाही’ हे पाहुण्याचे वाक्य यजमानाच्या कानांना सहन होत नाही. ‘एवढ्याशाने काय होतंय?’ असे म्हणत तो आणखी एक पळी रस्सा वाढतोच.

हेच वाक्य एकदा मीही उच्चारले आणि ते आजतागायत मला विसरता आलेले नाही.

2009 सालची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांची प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी चालू होती. वर्ग सुटल्यावर एका मुलीची आई मागे थांबली. मुलगी नऊ वर्षांची, पण वयाच्या मानाने फारच लहानखुरी. तिला गव्हाचे वावडे आहे, डॉक्टरांनी गहू जन्मभरासाठी वर्ज्य सांगितला आहे, तेव्हा त्या दिवशी काय करायचे, एवढेच त्या माउलीला विचारायचे होते. मी घाईत होतो. ‘अहो ताई, केवढीशी ती ओस्ती! एवढ्याशाने काय होतंय? प्रभूच सांभाळील तिला,’ असे सांगून मी मोकळा झालो. ‘बरं, फादर,’ म्हणून ती निघून गेली. धर्मगुरूच्या शब्दापुढे आपल्याकडील आया फारसे बोलत नाहीत.

मुलीने पांढऱ्या पोशाखात इतर मुलांबरोबर ख्रिस्तप्रसाद घेतला आणि त्यानंतर प्रत्येक रविवारी ती घेत राहिली. नाताळापर्यंत तिची प्रकृती पुन्हा ढासळली. पोट फुगे, जुलाब होत, रक्त कमी झाले, शाळा बुडू लागली. रक्ताच्या तपासणीत दोष जसाच्या तसा दिसला, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या खाण्याची एकेक बाब विचारायला सुरुवात केली. आईने घरातील गहू केव्हाच हद्दपार केला होता. शेवटी मुलगीच म्हणाली, ‘रविवारी चर्चमध्ये खाते, तेवढंच.’

ती आई पुन्हा माझ्याकडे आली. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. गव्हाचा आणखी एखादा कण इतर वाटेने मुलीच्या पोटात गेला असेलही. पण त्यामुळे मला हात झटकता येणार नव्हते. मी पुस्तके आणि परिपत्रके उघडून बसलो. मग असे आढळले की, मी ज्या प्रश्नाला अर्ध्या मिनिटात उत्तर दिले होते, त्याच्या मागे अनेक शतकांचा इतिहास उभा आहे. आणि त्या आईला हवे असलेले उत्तर ख्रिस्तसभेजवळ फार पूर्वीपासून तयार होते. तो इतिहास आपल्या वाचक कुटुंबांपुढे ठेवावा, म्हणून हा लेख.

आजाराची ओळख

प्रथम एक भेद स्पष्ट करायला हवा. ‘ॲलर्जी’ हा शब्द 1906 साली क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञाने प्रचारात आणला. ‘निराळी प्रतिक्रिया’ अशा अर्थाने दोन ग्रीक शब्द जोडून त्याने तो घडवला. वैद्यकाकडे वळण्यापूर्वी या पिर्केने इन्सब्रुक येथे ईशज्ञानाचा आणि लूव्हाँ येथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता, हे आम्हा सेमिनरीत वाढलेल्यांना सुखावणारे आहे. त्याच्या थोडे आधी, 1902 साली, शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते की, सागरी प्राण्याचे विष एकदा सहन केलेला कुत्रा दुसऱ्या वेळी त्याहून अल्प मात्रेने काही मिनिटांत दगावू शकतो. या शोधासाठी रिशे यांना 1913 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. शेंगदाणा, कोळंबी, अंडे किंवा दूध यांच्या तीव्र ॲलर्जीत असेच घडते. घसा सुजतो, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी ॲड्रेनलिनचे इंजेक्शन तातडीने मिळाले नाही, तर प्राणावर बेतते. गव्हाचीही अशी ॲलर्जी असते.

त्या मुलीचा आजार याहून निराळा होता. त्याचे नाव ‘सिलिॲक’. गव्हाची कणीक मळली की तिला जो चिवटपणा येतो, तो ग्लुटेन नावाच्या प्रथिनांमुळे. सिलिॲकच्या रोग्याचे शरीर या ग्लुटेनला शत्रू मानते आणि त्याच्याशी लढताना स्वतःच्याच लहान आतड्याचे अस्तर उद्ध्वस्त करते. या अस्तरावर मखमलीसारखे सूक्ष्म अंकुर असतात आणि अन्नरस त्यांतूनच शोषला जातो. ते झडले की भरल्या ताटापुढे बसूनही मूल उपाशी राहते. येथे श्वास कोंडत नाही, डोळ्यांना तत्काळ काही दिसत नाही. म्हणूनच ‘एवढ्याशाने काय होतंय’ असे म्हणणे सोपे जाते. गहू, जव आणि राय या तिन्ही धान्यांत हा दोष आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी आणि मका यांत तो नाही.

या आजाराचे वर्णन पुरातन आहे. कप्पदुकियाचा ग्रीक वैद्य अरेटियस याने ख्रिस्तोत्तर पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या सुमारास अन्न न पचता तसेच बाहेर पडणाऱ्या रोग्यांविषयी लिहिले आणि पोटाच्या ग्रीक नावावरून त्या आजाराला नाव दिले. 1888 साली लंडनच्या सॅम्युएल गी यांनी लहान मुलांतील या रोगाचे आधुनिक काळातील पहिले नेमके वर्णन प्रसिद्ध केले. रोगी बरा व्हायचाच असेल तर तो आहाराने होईल, एवढे त्यांनी ओळखले होते. समुद्रातील शिंपल्यांवर ठेवलेले एक मूल त्या हंगामात चांगले बाळसे धरू लागले, याचीही त्यांनी नोंद केली. परंतु नेमके काय टाळायचे, हे त्यांना उमगले नाही. 1924 नंतर अमेरिकेत सिडनी हास यांनी रोगी मुलांना केळ्यांवर ठेवले. मुले सुधारली, पण श्रेय केळ्याला गेले आणि ताटातून वगळलेल्या पावाकडे कोणाचेच लक्ष गेले नाही.

ते लक्ष गेले नेदरलँड्सच्या विलेम कारेल डिके यांचे. हेग शहरातील मुलांच्या रुग्णालयात ते काम करीत. पाव बंद केला की आपल्या मुलाच्या अंगावरचे पुरळ झटकन ओसरते, असे एका तरुण आईने त्यांच्या कानावर घातले होते, असे सांगितले जाते. 1930 नंतरच्या दशकात त्यांनी गहू वगळून पाहण्यास आरंभ केला. पुढे दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या भीषण हिवाळ्यात, पश्चिम नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. सुमारे वीस हजार माणसे मृत्युमुखी पडली. सारे गाव उपासमारीने खंगत असताना सिलिॲकची मुले मात्र सुधारताना दिसली आणि पाव परत मिळू लागताच ती पुन्हा आजारी पडली. डिके यांचा संशय पक्का झाला. 1950 साली त्यांनी उट्रेख्ट येथे आपला प्रबंध सादर केला आणि त्यानंतर सहकाऱ्यांसह केलेल्या संशोधनातून दोष ग्लुटेनचा असल्याचे सिद्ध झाले.

या इतिहासात एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली. अठराशे वर्षे विद्वानांना जे कळले नाही, त्याचा सुगावा एका आईला आपल्या स्वयंपाकघरात लागला होता. डॉक्टर डिके यांचा मोठेपणा असा की, त्यांनी तिचे म्हणणे ऐकून घेतले. माझ्यापुढेही एक आई उभी होती आणि मी घाईत होतो.

कोल्हापूरच्या ताटातील गहू

हा आजार पाश्चात्त्य गोऱ्या लोकांचा, अशी समजूत पुष्कळ वर्षे होती. 1966 साली उत्तर भारतातील मुलांमधील सिलिॲकविषयीचा लेख ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तरीही आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार उत्तर भारतात शंभरात एकाहून किंचित अधिक प्रौढांना हा आजार आढळला, तर दक्षिणेत हजारात सुमारे एकाला. आनुवंशिक प्रवृत्ती दोन्हीकडे जवळपास सारखीच आढळली. ठळक फरक होता तो रोजच्या जेवणातील गव्हाच्या प्रमाणात.

आपले कोल्हापूर या दोहोंच्या मध्ये. आपल्या पूर्वजांचे रोजचे अन्न शाळूची भाकरी. पश्चिमेकडील राधानगरी, शाहूवाडी, भुदरगडच्या डोंगरात नाचणी आणि भात. आजऱ्याकडे सुवासिक घनसाळ तांदूळ. गव्हाची पोळी होई ती सणाला. लग्नात, उरुसात, जत्रेत खपली गव्हाची खीर रटरटत असे. आपल्या रोजच्या ताटात गव्हाचा मोठा शिरकाव झाला तो स्वातंत्र्यानंतर. 1956 साली अमेरिकेशी पी. एल. 480 या कायद्याखालील धान्याचा पहिला करार झाला आणि रेशनच्या दुकानांत परदेशी गहू येऊ लागला. 1965 ते 1967 च्या अवर्षणांत तो जहाजांमागून जहाजे भरून आला. पुढे हरितक्रांतीने देशातच गहू मुबलक पिकवला. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने मिलो नावाची तांबडी ज्वारी खाल्ली आणि दुष्काळी कामांवर सुकडीही खाल्ली, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. एका-दोन पिढ्यांत भाकरीच्या मुलखात चपाती रोजची झाली. मिसळीबरोबर पाव आला, चहाबरोबर बिस्कीट आणि खारी आली, डब्यात रव्याचा उपमा आणि शेवया आल्या. आता हे ताट गव्हावाचून मांडायचे म्हटले, तर गृहिणीला दहा ठिकाणी अडखळावे लागते.

भाकरी थापावी लागते आणि चपाती लाटता येते, या साध्या फरकातच या आजाराचे मर्म आहे. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून तिचे पीठ ताणले की तुटते. ज्या भाकरीला आपण गरिबाचे अन्न म्हणून नाक मुरडले, तीच या मुलांचे जीवन आहे. पण नुसती भाकरी केली म्हणजे भागले असेही नाही. त्या आईने मला आपल्या स्वयंपाकघराचा सारा पाढा वाचून दाखवला. गिरणीत गव्हामागोमाग ज्वारी दळली, तर पिठात गहू मिसळतो. म्हणून तिने सासूबाईंचे माळ्यावर टाकलेले जाते खाली काढले होते. बाजारातील बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. म्हणून फोडणीतला हिंग गेला. चपातीच्या पोळपाटाला, तव्याला, डब्याला हिचे अन्न लागू द्यायचे नाही. ‘खपली गहू जुना, देशी, तो बाधत नाही,’ असे पुष्कळ जण तिला सांगत. खपली पचायला हलकी असेल, परंतु ती गव्हाचीच एक जात आहे, तिच्यात ग्लुटेन आहे आणि सिलिॲकच्या रोग्याला ती वर्ज्यच आहे. वाचकांनी एवढी एक गोष्ट जरी ध्यानात ठेवली, तरी एखाद्या घरचे दुखणे वाचेल.

या सर्व खटाटोपानंतर ती माउली रविवारी मुलीला घेऊन ख्रिस्तमंदिरात येई. आणि तेथे आम्हीच तिच्या मुलीच्या जिभेवर गहू ठेवीत होतो.

वेदीवर गहूच का?

प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी भाकर हाती घेतली, तो वल्हांडणाचा काळ होता. बेखमीर भाकर पाच धान्यांपैकी कोणत्याही धान्याची करावी, अशी यहुदी परंपरा होती. गहू आणि जव ही त्यांतील मुख्य. योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजारांना तृप्त करणाऱ्या भाकरी जवाच्या होत्या, असा स्पष्ट उल्लेख आहे. जव हे त्या देशातील गरिबांचे धान्य. तथापि, प्रभुभोजनासाठी गव्हाची भाकर ही ख्रिस्तसभेची सार्वत्रिक रूढी बनली. भाकर खमीर घातलेली असावी की बेखमीर, यावर पूर्व आणि पश्चिम यांच्यात अकराव्या शतकात मोठा कलह झाला. पण ती गव्हाची असावी, याविषयी वाद नव्हता. 1439 साली फ्लॉरेन्सच्या विश्वपरिषदेने ग्रीकांशी ऐक्य जाहीर करताना खमिराची आणि बेखमिराची अशी दोन्ही भाकर मान्य केली. मात्र ती गव्हाची, असे म्हटले.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याची मीमांसा करताना एक आक्षेप विचारात घेतला आहे. पुष्कळ देशांत गहू आणि द्राक्षे होतच नाहीत. मग सर्व जगासाठी असलेल्या संस्काराला ही द्रव्ये कशी योग्य? त्यांचे उत्तर व्यवहारी आहे. संस्कारापुरता गहू आणि द्राक्षरस कोणत्याही देशात नेता येतो, असे ते म्हणतात. पुढे हेच घडले. सोळाव्या शतकात गोव्यात मिशनरी आले, तेव्हा त्या तांदळाच्या मुलखात वेदीसाठी गहू बाहेरून आणावा लागे. आपला ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला.

संत थॉमस यांनी गहू न मिळणाऱ्या देशाचा विचार केला. गहू न सोसणाऱ्या माणसाचा विचार करण्याचे कारण त्यांच्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. 1983 च्या कॅनन कायद्याचे 924 वे कलमही तेच सांगते: भाकर निव्वळ गव्हाची आणि ताजी असावी. तांदळाची किंवा ज्वारीची ओस्ती आपल्याकडे ग्राह्य नाही. ‘फादर, आमच्या शाळूची भाकरी प्रभूला का चालत नाही?’ असा प्रश्न पुढे त्या मुलीनेच मला विचारला. प्रश्न सरळ होता आणि त्यामागील दुःख खरे होते. प्रभूने जे हाती घेतले, त्याच्याशी आपण प्रामाणिक राहतो, हे उत्तर मी तिला दिले. ते पुरेसे होते असा माझा दावा नाही.

1982 साली रोमच्या श्रद्धासिद्धांत मंडळापुढे हा प्रश्न आला, तेव्हा ग्लुटेन काढून टाकलेल्या ओस्तीला नकार मिळाला. 19 जून 1995 रोजी कार्डिनल रात्झिंगर यांनी, म्हणजे पुढील काळातील पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी, जगभरच्या महागुरूंच्या मंडळांना पत्र पाठवले. ज्यात ग्लुटेन मुळीच नाही ती ओस्ती अग्राह्य, पण भाकर होण्यापुरते अल्प ग्लुटेन ज्यात आहे ती ग्राह्य, असा निर्वाळा त्यात होता. सिलिॲक असलेल्या उमेदवारास गुरुदीक्षा देऊ नये, असेही त्यात म्हटले होते. 24 जुलै 2003 च्या दुसऱ्या पत्रात ही भाषा सौम्य झाली. अशा उमेदवाराच्या बाबतीत फार सावधपणे विचार करावा, एवढेच राहिले. अल्प-ग्लुटेन ओस्ती वापरण्याची अनुज्ञा देण्याचा अधिकार धर्मप्रांताच्या महागुरूंना देण्यात आला. त्याच सुमारास अमेरिकेतील मिसुरी राज्यातील क्लाइड येथील बेनेडिक्टाइन धर्मभगिनींनी अनेक वर्षांच्या खटपटीनंतर केवळ 0.01 टक्का ग्लुटेन असलेली गव्हाची ओस्ती तयार केली होती. 15 जून 2017 च्या रोमच्या परिपत्रकाने हेच नियम पुन्हा सांगितले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. नेहमीची ओस्ती लहान असली, तरी ती गव्हाचीच असते. 2004 साली इटलीतील डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. पथ्य कडक असूनही आतडे बरे होईना. शोध घेता कळले की, रोज ख्रिस्तप्रसादाचा एक लहानसा तुकडा घेतला जात होता आणि त्यातून दिवसाला सुमारे एक मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जात होते. माझ्या ‘एवढ्याशाने काय होतंय’ला हे शास्त्राचे उत्तर होते. ख्रिस्तप्रसादात प्रभू खरोखर उपस्थित असतो, ही आपली श्रद्धा. परंतु गव्हाचे बाह्य गुणधर्म तसेच राहतात, हेही आपल्याच ख्रिस्तसभेचे शिक्षण आहे. मी श्रद्धेच्या नावाखाली चमत्काराची अपेक्षा केली होती आणि तिची किंमत एका लेकराला मोजायला लावली होती.

चषकाचा मार्ग

आता जे उत्तर फार पूर्वीपासून तयार होते, ते पाहू.

पहिली हजार वर्षे आणि त्यानंतरही काही काळ श्रद्धावंत भाकर आणि चषक या दोन्ही रूपांत ख्रिस्तप्रसाद घेत. बाराव्या शतकापासून पश्चिमेत प्रापंचिकांना चषक देणे हळूहळू बंद पडले. पंधराव्या शतकात बोहेमियातील यान हुस यांच्या अनुयायांनी तो परत मागितला. 15 जून 1415 रोजी कॉन्स्टन्सच्या विश्वपरिषदेने त्यांची मागणी फेटाळली. भाकरीच्या एका रूपातही ख्रिस्त शरीर आणि रक्तासह संपूर्ण असतो, असे तिने सांगितले. तीन आठवड्यांनी, 6 जुलैला, त्याच नगरात हुस यांना जाळण्यात आले. चषकासाठी पुढे बोहेमियात वर्षानुवर्षे युद्धे पेटली. 1562 साली ट्रेंटच्या परिषदेने तोच सिद्धांत पुन्हा ठामपणे मांडला: कोणत्याही एका रूपात ख्रिस्त संपूर्ण आहे; एक रूप घेणारा कोणत्याही आवश्यक कृपेला मुकत नाही.

ज्या सिद्धांताच्या आधारे सामान्य श्रद्धावंतापासून चषक दूर ठेवला गेला, त्याच सिद्धांताने पाच शतकांनंतर गहू न सोसणाऱ्या श्रद्धावंताच्या हाती चषक दिला. भाकरीत ख्रिस्त संपूर्ण असेल, तर चषकातही तो संपूर्णच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली प्रापंचिकांसाठी चषकाचा मार्ग पुन्हा खुला केला आणि कॅनन कायद्याचे 925 वे कलम सांगते की, गरज असेल तेव्हा केवळ द्राक्षरसाच्या रूपातही ख्रिस्तप्रसाद देता येतो. हे कलम मी सेमिनरीत शिकलो होतो, त्यावर परीक्षाही दिली होती. पण ते एका नऊ वर्षांच्या मुलीसाठी लिहिलेले आहे, हे मला तिची आई दुसऱ्यांदा दारात उभी राहीपर्यंत समजले नाही.

त्यातही एक बारकावा आहे. मिस्सामध्ये भाकर मोडल्यावर धर्मगुरू तिचा एक कण मुख्य चषकात सोडतो. म्हणजे तो चषकही या मुलांना चालत नाही. त्यांच्यासाठी वेगळा लहान चषक वेदीवर ठेवावा लागतो. त्यात कण सोडायचा नाही, ओस्ती बुडवायची नाही, तो दुसऱ्या कोणी आधी ओठांना लावायचा नाही. फार खर्चाचे किंवा कष्टाचे असे यात काहीही नाही. फक्त आठवण ठेवायला हवी.

मी त्या आईची आणि मुलीची क्षमा मागितली. पुढच्या रविवारपासून वेदीवर दुसरा चषक आला. दोन-तीन रविवारी कुजबूज झाली. ‘एका पोरीला चषक आणि आम्हाला का नाही?’ असेही कोणी विचारले. तेव्हा मी वर सांगितलेला इतिहास प्रवचनात मांडला आणि माझ्या हातून काय घडले, तेही सांगितले. मिस्सानंतर एक आजी मुलीच्या आईजवळ गेली आणि म्हणाली, ‘अगं, आमच्या पतवंडालाबी असंच हाय, पर आम्हास्नी कुणी सांगितलंच न्हाई.’ त्या मुलाचीही तपासणी झाली. त्यानंतर काही काळ आमच्या वेदीवर लहान चषकातून घेणारी दोन मुले होती.

हळूहळू मुलीच्या गालांवर रक्त चढले. आता ती पंचविशीची आहे, नोकरीनिमित्त पुण्यात असते. धर्मग्रामाच्या सणाला ती घरी येते. त्या दिवशीच्या जेवणात खपलीची खीर पूर्वीसारखीच असते, पण तिच्या आधी, स्वच्छ भांड्यांत, शाळूची भाकरी आणि तांदळाची खीर वेगळी काढून ठेवली जाते. ती कोणासाठी, हे विचारावे लागत नाही.

संत पौलाने करिंथच्या मंडळीला प्रभुभोजनावरून कठोर शब्दांत फटकारले होते, ते धान्याच्या प्रकारावरून नव्हे. काही जण पोटभर खातात आणि काही जण उपाशी राहतात, एकमेकांसाठी कोणी थांबत नाही, हा त्याचा आरोप होता. ज्या मेजाभोवती एखाद्याला निमूटपणे मागे राहावे लागते किंवा मागे राहू नये म्हणून दुखणे गिळावे लागते, ते मेज अजून पुरते प्रभूचे झालेले नाही.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामातही असे एखादे मूल असेल. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीच्या वेळी आईवडिलांनी संकोच न करता धर्मगुरूंना सांगावे. आणि माझ्या धर्मगुरू बंधूंनी ते पुरते ऐकून घ्यावे. मूल वाढत नसेल, पोट सारखे बिघडत असेल, रक्त वाढत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे आणि तपासणीपूर्वी स्वतःच्या मनाने गहू बंद करू नये, कारण मग रक्ताच्या तपासणीत आजार सापडत नाही. अल्प-ग्लुटेन ओस्ती चालेल की चषकच हवा, हेही डॉक्टरांना विचारून ठरवावे. ज्यांना गव्हाची खरी ॲलर्जी आहे, त्यांनी तर चषकाचाच मार्ग धरावा.

प्रभूने शिकवलेली प्रार्थना आपण मराठीत म्हणतो, तेव्हा तीत ‘भाकर’ हा शब्द येतो. कोल्हापूरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे त्या शब्दाने गव्हाची पातळ ओस्ती उभी राहत नाही. तव्यावर फुगलेली, हाताने थापलेली शाळूची भाकरी उभी राहते. ही प्रार्थना अनेकवचनी आहे. आपण सर्वांसाठी मिळून मागतो. वेदीवरचा तो लहान चषक पाहिला की मला प्रत्येक वेळी त्या अनेकवचनाची आठवण होते.